हनुवटीचा पट्टा

'नाही' म्हणायला ओडेटला कधी तोंड उघडावं लागलं नव्हतं. सगळ्या बैरुतसारखी तीही नुसती हनुवटी वर उचलायची, की विषय संपला. तीस वर्षांत त्या हनुवटीपुढे तिच्या नवऱ्याचं, नजीबचं, काही चाललं नव्हतं.

मुलाच्या लग्नाच्या फोटोत लोंबती मान नको, म्हणून परवा तिनं शस्त्रक्रिया करून ती ओढून घेतली. आता हनुवटीखालून डोक्यापर्यंत करकचून पट्टा, नळीनं मसुराचं पाणी, आणि डॉक्टरांची तंबी: आठवडाभर बोलायचं नाही, मान वर करायची नाही. नकारासाठी तिथल्या रीतीनं नुसत्या भुवया उडवाव्यात, तर कपाळातल्या इंजेक्शनांनी त्याही बधिर.

नजीबनं काठोकाठ भरलेला गरम वाडगा तिच्या दोन्ही हातांत दिला आणि समोर बसून टक्कल खाजवलं.

"आईला गावात एकटीला करमत नाही गं. कायमची इकडेच घेऊन येऊ म्हणतो. नको असेल तर सांग, नेहमीसारखं."

ओडेटनं सगळं बळ एकवटून हनुवटी उचलायला घेतली. टाके ताणले, कळ मस्तकात गेली आणि मान आपसूक खाली आली.

"हो म्हणाली," नजीबनं दाराकडे तोंड करून हाक दिली.



बॅग ओढत सासूबाई जिन्यातून आत आल्या. "तुला म्हटलं नव्हतं, पट्टा सुटायच्या आत विचार?"