आईची लक्षणं

यमुनाबाईंनी शिरवाळ्यांची बशी बाजूला सारली, तेव्हा गौरजानं ती पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली. नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, तांदळाच्या त्या शेवया, म्हणजे आईचा जीव की प्राण.

"आये, चाखून तरी बघ."

"माका गोड लागणाच नाय गो. तू खा."

गौरजानं दोन घास घेतले. प्रवासानं तोंडाला चव नव्हती. तिनंही बशी झाकून ठेवली.

शेजारच्या सुशीलाकाकूचा पुण्याला फोन आला होता. आईनं मासळीबाजारात बसणं सोडलंय, वेणी घालत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. गौरजानं पाच वर्षांत पहिल्यांदाच आठ दिवसांची रजा मागितली आणि एस्टीनं जामसंडं गाठलं.

हे दुखणं तिला तोंडपाठ होतं. तिच्या प्रयोगशाळेत उंदरांना रोज दोन तास अरुंद नळीत अडकवून ठेवायचे. तीन आठवड्यांत त्यांना साखरेचं पाणी नि साधं पाणी सारखंच होई. अंग चाटून साफ करणं सुटे. पाण्यात सोडले, तर हातपाय मारणंही ते लवकर थांबवत. त्यांच्या मेंदूतल्या पेशींच्या फांद्या आखडलेल्या तिनं स्वतः मोजल्या होत्या.

दिवाळीत दोन दिवस आली होती तेव्हा हे सगळं तिनं आईला सांगितलं होतं. तांदूळ निवडता निवडता आईनं एवढंच विचारलं होतं, "मगे ते बरे होतत काय?"

"नळीतसून सोडवले तर होतत. फांद्ये परत फुटतत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरजा तेलाची वाटी घेऊन आईच्या मागे बसली. वडील, भिकाजी, गेले तेव्हा ती दहावीत होती. मुलीचं लग्न उरकून टाक, म्हणून नातेवाईक मागे लागले होते. "मासे इकतंय मी, चेडवाची शाळा नाय," असं त्यांना सुनावून आईनं माशांची पाटी डोक्यावर घेतली, ती आत्ताआत्तापर्यंत. त्या पाटीखाली विरळ झालेली टाळू गौरजाच्या बोटांना लागली आणि तिचे डोळे भरून आले.

वेणी झाली तशी यमुनाबाई वळल्या. "आता तू बस. केसांची दोरी झाली हा तुझ्या."

"कामात वेळ खंय गावता, आये?"

फणी गुंत्यात अडकत राहिली. गौरजानं हळूच विषय काढला. कणकवलीत मनाच्या दुखण्याच्या डॉक्टर आहेत. एकदा दाखवूया. आई चिडेल, लोक वेडी म्हणतील म्हणून रडेल, अशी तिनं मनाची तयारी ठेवली होती.

"जाव्या," यमुनाबाई म्हणाल्या. "पण तू माझ्यावांगडा आत येशील मां?"

"येतलंय तर!"

इतक्या सहज! देवाचे आभार मानावेत की आईचे, तिला कळेना. कणकवलीच्या एस्टीत नांदगावचा फाटा गेला तरी तिनं आईचा हात सोडला नव्हता.

"आये, तू माझ्यासाठी लय केलंस."

"गप बस," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

दवाखान्यात फार थांबावं लागलं नाही. दोघी आत गेल्या. गौरजानं रात्री वहीत सगळी लक्षणं तारखेनिशी लिहून काढली होती. ती वही उघडून तिनं सुरुवात केली, "मॅडम, ही माझी आई. गेले दोन महिने हिला..."

डॉक्टरबाईंनी समोरचा केसपेपर तिच्याकडे फिरवला. त्यावर नाव लिहिलेलं होतं. गौरजा भिकाजी तारी.

"आई मागच्या बुधवारी एकट्याच येऊन गेल्या. तुम्ही स्वतःसाठी कधीच आला नसता, म्हणाल्या. बसा गौरजा. तुम्हाला असं केव्हापासून वाटतंय?"

गौरजानं वळून पाहिलं. यमुनाबाई ताठ बसल्या होत्या.

"माका काय एक झालेला नाय, बाय. तू सांग."