नळावरचा नंबर

पोस्टाची पेटी दाखवून झाली, पिठाची गिरणी दाखवून झाली. आता नळ सोडून दुसरं काय दाखवावं, या विचारानं मडिवाळप्पाला घाम फुटला.

सोबत निलंग्याकडची सिद्धम्मा चालत होती. तिची नात महादेवी मडिवाळप्पाच्या पोराला सांगून आली होती आणि गाव बघायला म्हातारी स्वतः आली होती. म्हातारी कसली, पंचनाम्याला निघालेला तलाठीच! हातात पितळी तांब्या. दुष्काळात पाहुणपणाला जाताना प्यायचं पाणी आपलं आपण न्यायचं, अशी त्या साली रीतच पडली होती.

"अव्वा, हा यष्टीचा थांबा. लातूर जिल्हा झाल्यापासून दिवसभर गाड्या चालू असत्यात. तो दवाखाना. डाक्टर हितंच मुक्कामाला. तिकडं सायेब लोकांची नवी घरं बांधायलेत."

"हं."

मडिवाळप्पा खोटं बोलत नव्हता. आपल्या गावाचा त्याला लई अभिमान. पण नळाला करंगळीएवढी धार यायची, आणि मागचे पाहुणे ती धार बघून चहासुद्धा न घेता उठले होते. तेव्हापासून पोरानं आरशात बघायचं सोडलं होतं. हेही स्थळ गेलं तर घरात कोणत्या तोंडानं शिरायचं?

"पाणी?" सिद्धम्मानं विचारलं.

"हाय की! घरी रांजण काठोकाठ भरून ठिवलाय."

"रांजण न्हाई विचारला. नळ दाखवा."

झालं! मडिवाळप्पा मुकाट्यानं वळला.

नळापासून पार लिंबाच्या झाडापर्यंत भांड्यांची रांग लागली होती. हंडे, घागरी, तेलाचे डबे, एक चेपलेली बादली. माणूस मात्र एकच, पंचशीला. तिचा हंडा भरला तसा तिनं तो बाजूला घेतला. पण ती निघाली नाही. मागची घागर उचलून तिनं धारेखाली लावली, आणि एकेक भांडं पुढं सरकवत ती रांगेच्या शेवटापर्यंत गेली.

"ही घागर बी तुझीच का गं?" सिद्धम्मानं विचारलं.

"न्हाई मावशी, भामाबाईची. ती खडी फोडायला गेलीय कामावर."

"आन मागचा हंडा?"

"केरबाचा. बायको बाळंत हाय त्याची."

"मग भरणार कोण?"

"जो हितं असंल तो. भरायचं, झाकायचं, सावलीला ठिवायचं. सांजच्याला ज्याचं त्यो नेतो."

"आन कुणी मधी घुसवलं तर?"

पंचशीलाला हसू आलं. "घुसवून जाणार कुठं? उद्या त्याचं भांडं बी हितंच असणार की."

रांगेच्या कडेनं सिद्धम्मा सावकाश चालत गेली, एकेक भांडं बघत. मडिवाळप्पा मागं मागं. धार बारीक आहे हे त्याला दिसत होतं, आणि तिलाही दिसतंय हेही.

"अव्वा, आता जिल्हा झालाय. पाइपलाइन मंजूर व्हायचीच हाय. आज ना उद्या..."

"आमच्याकडं टँकर येतो," सिद्धम्मा मधेच म्हणाली. "भरलेला. आला की डोकी फुटत्यात. माझ्या ल्योकाच्या कपाळावर टाके हायेत अजून."

ती रांगेच्या टोकाला थांबली. तांब्यातलं उरलेलं पाणी तिनं घटाघटा पिऊन टाकलं. पदरानं तोंड पुसलं. वाकली, आणि चेपलेल्या बादलीच्या मागं रिकामा तांब्या ठेवून दिला.

"बाई गं," तिनं पंचशीलाला हाक मारली, "हा आमच्या महादेवीचा नंबर. ती नांदायला येईस्तोवर सरकवत ऱ्हा."