एका ओळीत इम्माकोलाता

"नाव मावलं एका ओळीत, तर भर चौकात मिशी उतरवीन!" छापखान्याच्या दारातून कोसिमो न्हावी ओरडला. खाटीक आणि कॉफीवाला लगेच साक्षीला धावले. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"आणि नाही मावलं तर?" खाटकानं विचारलं.

"तर ही रोझाल्बा वर्षभर माझ्या दुकानासमोर झाडू मारेल."

"मारेन!" छापखानेवाली रोझाल्बा म्हणाली. रागानं तिचे कान लाल झाले होते.

इटलीच्या टाचेतल्या आमच्या गावात कुणी गेलं की मोठ्या अक्षरांत नाव छापून भिंतीवर लावतात. नाव एकाच ओळीत हवं. मोडलं, तर त्या घरातलं आणखी कुणी जातं म्हणे. काल कोसिमोची भावजय गेली. इम्माकोलाता पापालेओ, विधवा स्कारामुझ्झी.

"माहेरचं पापालेओ गाळून टाक," कोसिमो म्हणाला. "जागाच नाही गं. मी तरी काय करू?"

"जागा नाही? भट्टी तिच्या बापाची, पाव तिच्या हातचा. जन्मभर फुकट गिळलास, तेव्हा बरी पोटात जागा होती!"

"तोंड आवर आणि अक्षरं जुळव, पोरी."

तिनं नेहमीची जाड अक्षरं लावली. नावातले एम म्हशींसारखे पसरले आणि अर्धं नाव कागदाबाहेर गेलं. दारात कोसिमो शीळ घालत होता.

रोझाल्बानं खालच्या खणाला लाथ घातली. आतली लाकडी अक्षरं खडखडली. तिचे वडील ऑपेराच्या जाहिरातींना वापरायचे ती. वीतभर उंच, बोटभर रुंद, टोकांना बारीकशी पावलं.

ती खाली बसली. खण ओढला.

"मेलेल्या बाईला नाटकाची अक्षरं?" कॉफीवाला चरकला.

"तिला चालतील. तुला प्यायला कॉफी आहे ना, ती पी."

दुपारी कागद चर्चच्या भिंतीवर चढला. इम्माकोलाता पापालेओ, विधवा स्कारामुझ्झी. या कडेपासून त्या कडेपर्यंत, अक्षरं खांद्याला खांदा लावून. मान एकाचीही वाकलेली नाही.

कोसिमोनं मान वर करून वाचलं. पुन्हा वाचलं. "ही लबाडी आहे! अक्षरं दाबलीस तू!"

"रुंदीला दाबली. उंचीला हात लावून बघ."

त्याचा हात पोचला नाही. लोक फिदीफिदी हसले. रोझाल्बा हसली नाही.

दफन आटोपल्यावर खाटकानं कोसिमोच्याच दुकानातली खुर्ची आणून त्या भिंतीखाली मांडली. सगळा चौक गोळा झाला. वस्तराही त्याचाच. तो रोझाल्बानं हातात घेतला आणि त्याच्या ओठावर फेस थापला.

कोसिमो खुर्चीत चुळबुळला. "जपून गं, बाई."

"हलू नकोस," रोझाल्बा म्हणाली. "जागा कमी आहे."