शिशातली जागा

हे लिहूच नये असं टोबिनला वाटलं होतं. कोण विश्वास ठेवणार?

अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या छापखान्यात तो छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत होता. मित्र लीफच्या वारलेल्या वडिलांची आवडती कविता, शाळेत सगळ्यांनी घोकलेली. ओळी लाटांसारख्या वळवून स्मरणसभेत लावायची होती.

"मधेच जागा का सोडल्यास, शहाण्या?" छाप बघून लीफने विचारलं.

"मी नाही सोडल्या. तीनदा खिळे घट्ट बसवले."

लीफ मोठ्याने वाचू लागला, जागा आली की थांबत. "ही म्हणताना बाबा इथेच दम घ्यायचे. फार मोठं काम केलंस रे!"

टोबिन त्यांना कधी भेटलाच नव्हता.

तेवढ्यात खिळ्यांच्या आवळलेल्या चौकटीत, दोघांच्या डोळ्यांदेखत, शेवटचा शब्द हळूच बाजूला सरकला आणि त्याच्याआधी मोकळी जागा उरली.

"ही जागा बुजवू नकोस," लीफ कुजबुजला.

"नाही बुजवणार. तुझी शपथ."