भुऱ्याचं आवतन

खांदमळणीचं पाणी चुलीवरून नुकतंच उतरलं होतं, तेवढ्यात दिनकरराव पाटील खांद्याला बंदूक अडकवून अंगणात आले.

उद्या पोळा. बन्सीधर दोन्ही बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळून नुकताच मोकळा झाला होता. पाटलांना त्यानंच बोलावलं होतं, पण आता मान वर करून बघणं काही त्याला होईना.

"कुठं हाय कुत्रं?" पाटील म्हणाले. "आजच उरकू. पोळा झाला की मी हैदराबादला जायलोय. कोर्टात तारीख हाय."

कुत्रं निंबाखाली होतं आणि त्याच्या मागच्या पायांशी बन्सीधरची आई, धुरपताबाई, बसली होती. निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून ती भुऱ्याचे सांधे शेकत होती. बंदूक दिसली आणि ती काय ते समजली. लेकानं आपल्याला न विचारता हा घाट घातला, याचा तिला संताप आला. पण शेक गार होऊन चालणार नव्हतं, म्हणून हात थांबला नाही.

"माय, ऐक," बन्सीधर बैलाच्या आडूनच बोलला. "औषध दिलं तं पोट जातंय, न्हाई दिलं तं पाय जातेत. किती दिस हाल करायचे त्याचे?"

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते झोंबलं. तेरा वर्षांचा भुऱ्या. बसला की उठेना, उठला की बसेना. सेलूच्या जनावरांच्या दवाखान्यातून तिनं गोळ्या आणल्या आणि तिसऱ्याच दिवशी गडी कोंबडीमागं धावला. घरात सणासारखं वाटलं. पण गोळी ती द्यायची पहाटे, अनशापोटी. काढा अनशापोटी, लिंबाचा पाला अनशापोटी, सगळं आयुष्य असंच गेलेलं. मग गोळी कधी द्यायची हे डॉक्टरला विचारायचं कशाला? आठव्या दिवशी भुऱ्या ओकला. शी डांबरासारखी काळी झाली, भाकरीपुढून त्यानं तोंड फिरवलं. वालूरहून सेलूपर्यंत ती पुन्हा गेली, तेव्हा कळलं की रिकाम्या पोटी हे औषध पोटालाच खातं. घरी येऊन ती गोठ्यामागं पोटभर रडली, तोंड धुतलं आणि कामाला लागली.

"चूक माझी हाय," ती म्हणाली. "शिक्षा त्याला कामून?"

डॉक्टरच्या सांगण्यावरून मध्यंतरी तिनं गोळी बंदच ठेवली होती. आता अर्धीच, ताकभाकरीच्या काल्यानंतर, एक दिवसाआड. मधल्या दिवशी निरगुडी. रोज सकाळी ती काठीनं शी उकरून बघायची. वालूरची माणसं हसायची. हसेनात का.

"आज चार दिस झाले, शी पिवळी हाय," तिनं पाटलांना सांगितलं.

पाटलांनी वाकून भुऱ्याकडं बघितलं. "वैनी, म्हातारं झालंय ते. सुटंल बिचारं."

"तुमचा बी गुडघा लय दुखतो म्हनं, पाटील. तुमाला कोन सोडवायलंय?"

बन्सीधरला ठसका लागला. धुरपताबाई कमरेला हात लावून उठली आणि त्याच्या पुढ्यातली हळद-लोण्याची वाटी उचलून घेतली.

"माय, ते बैलाचं हाय."

"उरलेलंच घ्यायलेय. बैलं दिसा राबले, ह्यो राती राबला. रझाकाराच्या सालात आपून दार लावून आत बसलो व्हतो, तवा अंगनात कोन व्हतं?"

तिनं लोणी भुऱ्याच्या मागच्या पुठ्ठ्यांवर चोळलं, दोन्ही गुडघ्यांवर चोळलं, बैलाचा खांदा मळावा तसं, अंगठ्यानं दाबत. मग वाकून त्याचा कान धरला आणि अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

बन्सीधर दचकला. हेच शब्द थोड्या वेळापूर्वी त्यानं दोन्ही बैलांच्या कानात सांगितले होते. आवतन दिलं की त्या जनावरावर चाबूक उगारायचा नाही, त्याला औताला जुंपायचं नाही. उद्या पुरणपोळी त्याच्या तोंडात जाईपर्यंत तो घरचा पाहुणा. कुत्र्याला आवतन देऊ नये असं काही कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण आजवर तसं कुणी केलंच नव्हतं.

पाटलांनी बंदूक खांद्यावरून काढली आणि दस्ता जमिनीला टेकवला. ते कुत्रं मारायला आले होते. आवतन दिलेल्या पाहुण्याचं काय करायचं, ते त्यांना उमजेना.

"बरं," ते म्हणाले. "उद्या जेवू द्या त्याला. मी परवा सकाळी निघंन. उद्या जेवला की मग..."

"उद्या जेवला की परवाचं आवतन देते," धुरपताबाई म्हणाली. "परवा जेवला की तेरवाचं."

भुऱ्या मान वळवून गुडघ्यावरचं लोणी चाटायला लागला. तिनं त्याच्या तोंडावर हलकी चापट मारली आणि शेकाचं फडकं पुन्हा तव्याकडं नेलं.

"तुमी सावकाश जाऊन या, पाटील."