बेल वाजवू नये

तिला जाग आली ती शिट्टीने. स्वयंपाकघरात कुणीतरी पुरुष मजेत शिट्टी वाजवत होता, आणि मधूनमधून लोखंडावर लोखंड आपटत होतं.

घरात ती एकटीच राहायची. रात्रभर इस्पितळात बारा खाटा सांभाळून सकाळी नऊला आली होती आणि होती तशी अंथरुणावर कोसळली होती. आता साडेबारा झाले होते. तिने चादर अंगाभोवती गुंडाळली, हाताला लागला तो हँगर उचलला आणि भिंतीला धरून पुढे गेली. ओट्याखालून दोन पाय बाहेर आले होते.

"कोण आहे?" आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

पायांच्या मागून डोकं आलं. "प्लंबर, ताई. झोपा तुम्ही. वायसर बसवला की निघालोच."

झोपा म्हणे! तिची झोप कुठल्या कुठे उडाली होती. तिने ओढणी घेतली, त्याला म्हणाली, "चला माझ्याबरोबर," आणि त्याला तसाच, हातातल्या पान्यासकट, खालच्या मजल्यावर घरमालकांकडे घेऊन गेली. काका जेवायला बसत होते. काकू वाढत होत्या.

"काका, हा माणूस माझ्या घरात होता. मी झोपलेली असताना."

"मग? नळ गळतो, नळ गळतो म्हणून माझा जीव कुणी खाल्ला होता?"

खरं म्हणजे तिने जीव खाल्ला होता तो आधी कडीसाठी. दाराची आतली कडी तीन आठवड्यांपूर्वी निखळून पडली होती. तेव्हापासून दार नुसतं ओढून घ्यायचं; ज्याच्याकडे किल्ली, त्याला ते उघडं. कडी बसवा, मग नळाचं बघा, आणि कुणाला पाठवाल तर आधी मला फोन करा, एवढं तिने चारदा सांगितलं होतं. चारही वेळा काका "हो हो" म्हणाले होते. पालथ्या घड्यावर पाणी.

बरं, काका माणूस वाईट म्हणावा, तर तेही नाही. भाडेकरूंच्या अडीअडचणीला धावणारा. तिथेच तर सगळी पंचाईत होती. वाईट माणसाशी कडकडून भांडता तरी येतं. भला माणूस निम्मं ऐकतो, हसतो आणि आपल्याला वाटेल तेच करतो.

"फोन का नाही केलात?"

"अगं, फोन केला असता तर तुझी झोप मोडली असती! तुझ्याच काळजीने चिठ्ठीत ठळक लिहिलं, बेल वाजवू नये म्हणून."

"कसली चिठ्ठी?"

काका खुलले. आपली युक्ती सांगायला मिळाली की ते खुलायचेच. "कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान आहे ना, ही कामाची माणसं तिथेच पायरीवर बसलेली असतात. सोमवारी तुझ्या घराची माझ्याकडची किल्ली चिठ्ठी बांधून तिथल्या खिळ्याला लावली. ज्याला सवड होईल तो नेतो, काम करतो, परत लावतो. कुणाच्या मागे लागायला नको, कुणाची वाट बघायला नको. आहे की नाही?"

तिने प्लंबरपुढे हात केला. त्याने खिशातून किल्ली काढून दिली. चिठ्ठी काकांच्या वळणदार अक्षरात होती. 'दुसरा मजला, डावीकडचं दार. ताई एकट्याच असतात. रात्रपाळी असल्याने सकाळी नऊनंतर दिवसभर गाढ झोपतात. बेल वाजवू नये.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

तिने ती मोठ्याने वाचली. काकूंचा हात भांड्यातच थांबला. "अहो, हे काय लिहून ठेवलंत! आणि तेही भर रस्त्यावरच्या दुकानात!"

"काय चुकलं त्यात? एक अक्षर तरी खोटं आहे का?" काका आता चिडले. "करायला जावं भलं, तर हे असं. काय झालं गं एवढं? गेलं का काही तुझं?"

"काका, चार दिवस माझं दार अख्ख्या बाजाराला उघडं होतं! मला किती भीती वाटली असेल, ह्याचा जरा तरी विचार करा ना!" तिला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. "आणखी कोणाकोणाच्या हातात गेली ही किल्ली?"

"कुणाच्या नाही! हा एकटाच आला. पंधरा वर्षं ह्याचा हात फिरतोय आपल्या नळांवर. ह्याला चोर ठरवतेस?"

प्लंबर इतका वेळ खाली मान घालून उभा होता. चोर हा शब्द त्याला लागला.

"माझ्यावर आळ नको, ताई. मी तर कालच येणार होतो. सकाळी दहाला दुकानात गेलो, तर किल्ली खिळ्यावर नव्हती. म्हटलं, दुसऱ्या कुणी काम घेतलं असेल. आज बघतो तर किल्ली परत जागेवर. आणि वर येऊन बघतो, तर नळ तसाच गळतोय, त्याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

काकांनी घास पानात ठेवला. काकूंनी तिच्याकडे पाहिलं.

काल ती सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत घरातच होती. एकदाही कूस न बदलता झोपली होती.