धाकट्या काठाची भाषा

या, जरा जवळ सरकून बसा. आमच्या स्टॅन्लीतल्या दोन भावांची गोष्ट सांगतो. टास्मानियाच्या या किनाऱ्यावर वारा फार. मन लावून ऐका.

अँब्रोज टिली धाकट्या भावाच्या, लिंडसेच्या, स्वयंपाकघरात बसला होता. पुढ्यात सव्वीस वह्या, आणि पलीकडच्या खोलीत शवपेटीत निजलेला भाऊ.

"काका, या शेवटच्या वहीतलं हे एकच पान बाबांनी परवा ईस्टरला लिहिलं," लिंडसेची मुलगी ब्रॉन्विन म्हणाली. "पेन धरवत नव्हतं, तरी हट्टाने लिहिलं. उद्या चर्चमध्ये वाचायचं म्हणते. पण ही भाषा जगात दोघांनाच येत होती. आता तुम्हीच राहिलात."

अँब्रोजने ती वही पुढ्यात ओढली.

शाळकरी वयात या दोघांनी होड्यांच्या छपरीत बसून एक भाषा रचली होती. मनातल्या मनात एक समुद्र केला आणि त्याच्या दोन काठांवर माणसं वसवली. थोरला काठ अँब्रोजचा, धाकटा लिंडसेचा. नियम असा, की आपलं एक वर्ष म्हणजे त्यांची शंभर वर्षं. शंभर वर्षांत तोंडातले शब्द झिजतात, वळतात; तसे ते झिजवायचे, वळवायचे, नव्या वहीत उतरवायचे आणि ईस्टरला वह्यांची अदलाबदल करायची. एका आईच्या दोन लेकी वेगवेगळ्या घरी वाढाव्यात तशा त्या दोन भाषा वाढल्या. संसार झाले, केस पिकायला लागले, तरी खेळ सुटला नाही.

मग बापाची होडी उलटली. सुकाणूवर लिंडसे होता. तो वाचला, म्हातारा गेला. मातीच्या दिवशी अख्ख्या गावादेखत अँब्रोज म्हणाला, "बापाला तूच बुडवलंस."

त्याला सव्वीस वर्षं झाली. ते वाक्य परत घ्यावं असं दर ईस्टरला त्याच्या मनात येई, आणि दर ईस्टरला तो घरातच बसून राही. आता परत घ्यायचं तरी कुणाकडून? उरलं होतं ते हे एक पान. त्यात शाप असेल की क्षमा, देव जाणे.

त्याने चष्मा चढवला. सव्वीस वर्षं म्हणजे तिकडची सव्वीसशे. एवढ्या काळात धाकट्या काठाचे शब्द कुठल्या कुठे गेले असणार! पण लिंडसेच्या खोडी त्याला पाठ होत्या. कुठला स्वर तो गिळेल, कुठलं अक्षर मऊ करेल, सगळं ठाऊक. एकेक शब्द तो सोडवत मागे नेऊ लागला. तासाभराने हाती काय आलं? 'छपराला मासा शिंकला.'

ब्रॉन्विनने चहा आणून ठेवला. "इतकं अवघड आहे का हो? बाबांसारखेच हौसेने भाषा रचणारे त्यांचे दोस्त तर त्यांना चिडवायचे. म्हणायचे, लिंडसेची विहीर आटली, दर वर्षी तोच शिळा माल."

"शिळा म्हणजे?"

"अहो, त्यांनी एक शब्द बदलला नाही. मी लहानपणी विचारलं होतं, तुमच्या काठावरची माणसं झोपलीत का? तर म्हणाले, पोरी, बदलले तर ब्रोजला कळायचं कसं? तो येईल आणि परक्यासारखा दारात उभा राहील."

अँब्रोजने पेन्सिल खाली ठेवली. पान पुन्हा वाचलं. काही न सोडवता, लिहिलं होतं तसंच. एक शब्द अडला नाही.

'आज ईस्टर. नेवा आला नाही. शब्द जिथल्या तिथे ठेवलेत.'

त्याने दुसरी वही उघडली. तिसरी उघडली. सगळ्यांच्या पहिल्या पानावर हेच. जेवायला न आलेल्या लेकराचं ताट आई झाकून ठेवते ना, तशी एक अख्खी भाषा झाकून ठेवली होती.

"काका, नेवा म्हणजे कोण?"

"भाऊ," अँब्रोज म्हणाला, आणि वह्या एकेक करून नीट रचू लागला.

दुसऱ्या दिवशी स्तोत्र गाऊन झालं आणि त्याने पेटीपाशी उभं राहून ती तीन वाक्यं वाचली. मग आपल्या काठाच्या भाषेत उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर पहिलाच शब्द सापडेना. तो त्याने सव्वीस वर्षांपूर्वी, रागाच्या भरात, आपल्या माणसांच्या तोंडून काढून टाकला होता. शेवटी धाकट्याचाच शब्द उसना घेतला. "नेवा," तो म्हणाला, "नेवा."

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा लिंडसे टिलीला आठवा. त्याच्या काठावर सव्वीसशे वर्षं काळ हलला नाही, कारण एक जण यायचा राहिला होता.